शून्यावर थांबलेली रेघ

७ डिसेंबर, रविवार

डबी झाली एकदाची. साबणाच्या डबीएवढी आहे आणि तिच्यापायी तीन महिने डोकं फोडून घेतलं. आई म्हणते, एवढ्या वेळात माणूस दोन स्वेटर विणतो.

पळसदरीला एका ट्रस्टचा छोटा दवाखाना आहे. तिथल्या फ्रीजमध्ये लहान मुलांच्या लसी असतात. लस तापली तरी बिघडते, गोठली तरी बिघडते. फ्रीज जुना, वीज लहरी आणि सुनंदा सिस्टर एकट्या. मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते हे कळल्यावर त्याच म्हणाल्या होत्या, "फ्रीज बिघडला की बोंबलेल असं काहीतरी करून दे गं." म्हणून ही डबी. वायरीच्या टोकाला छोटा सेन्सर, दर पाच मिनिटांनी तापमान बघून डबीवर आकडा दाखवणार. आठच्या वर गेलं किंवा तासभर शून्याच्या खाली राहिलं की बोंबलणार. सिस्टर दवाखान्यामागच्याच खोलीत राहतात, त्यांना ऐकू जाईल.

डबीतला प्रोसेसर अगदी गरीब. स्वतःचा प्रोग्रॅम स्वतः कम्पाइल करायची, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवायची, त्याची ऐपत नाही. ते काम माझ्या घरच्या दांडग्या कॉम्प्युटरवर करायचं आणि तयार माल वायरीनं याच्यात भरायचा, घरी रांधून दुसऱ्याच्या डब्यात भरून द्यावं तसं. जागा इतकी कमी, की तापमानाचा एकेक आकडा एकेका बाइटमध्ये कोंबलाय. सेन्सर मधूनच पंच्याऐंशी वगैरे बरळतो, म्हणून साठच्या वरचा आकडा आला तर तो कचरा समजून फेकायचा आणि आधीचाच धरायचा, असं लिहून ठेवलंय.

मोठ्या मशीनवर सगळ्या चाचण्या पास. उणे तीन देऊन पाहिलं, बोंबललं. डबीतल्या धाकट्यासाठी कम्पाइल करताना मात्र पिवळ्या अक्षरांत अकरा सूचना आल्या. पहिल्या तीन वाचल्या, किरकोळ होत्या. प्रत्येक वेळी तेच पिवळं बघून डोळे दुखायला लागले, तेव्हा सूचना दाखवणंच बंद करून टाकलं.

शेवटी शिळफाट्याच्या रसवंतीतून बर्फ आणला. ग्लासात बर्फ-पाणी, त्यात सेन्सर. उतरत उतरत शून्यावर आला आणि थांबला. अगदी बरोब्बर शून्य! मग कोमट पाण्यात घातला तर असा बोंबलला की आईच्या हातातली कढई सुटली. तरी आतून धाकधूक आहेच. मला सगळ्याचीच भीती वाटते, त्यात नवीन काय.

११ डिसेंबर, गुरुवार

डबी बसवली. सिस्टरांनी हळदकुंकू वाहिलं, नको म्हणेपर्यंत एक बोट सेन्सरलाही लागलं.

एक गंमत कळली. फ्रीजशेजारच्या खिडकीत खोबरेल तेलाची बाटली ठेवलेली असते. मला वाटलं केसांसाठी. तर म्हणे ते सिस्टरांचं थर्मामीटर! थंडीत तेल गोठलं की फ्रीजचा गारवा कमी करायला बटण दोन घरं खाली आणायचं, उन्हाळ्यात सुटलं की परत वर. चौदा वर्षं हेच चाललंय. मी हसले. म्हटलं, सुनंदाताई, आता हे बंद. कुणीही उठून बटण फिरवलं तर माझ्या नोंदींना अर्थ राहणार नाही. लगेच कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवलं : "बटणाला हात लावू नये. डबी सांगेल तेव्हाच." सिस्टर म्हणाल्या, "बरं झालं बाई, एक काळजी गेली."

वरच्या ठाकूरवाडीतली एक म्हातारी गुडघ्याच्या गोळ्या न्यायला आली होती. अंबूबाई. डबीकडे बराच वेळ बघत राहिली.

"काय करती ही?"

"फ्रीज बिघडला की ओरडते, आजी."

"आन गप असली तर?"

"गप असली म्हणजे सगळं ठीक."

"गप असली म्हंजी बरी हाय का मेली हाय, ते कसं कळायचं गं?"

मी आणि सिस्टर, दोघीही हसलो. जुन्या माणसांचं यंत्रांशी जमत नाही ते नाहीच.

२० डिसेंबर, शनिवार

थंडी पडलीय. आज नोंदी लॅपटॉपवर उतरवल्या. दिवसा तीन-चार अंश. संध्याकाळपासून हळूहळू उतार, मग शून्य, आणि सकाळी आठला सिस्टर दार उघडेपर्यंत सलग शून्य. एकदाही खाली नाही. पट्टीनं आखावी तशी रेघ! कॉलेजात कमलेश सरांना दाखवली. ते म्हणाले, "मॅडम, एवढा शिस्तीचा फ्रीज मी जन्मात पाहिला नाही." मला मेलीला ते कौतुक वाटलं म्हणून मी दिवसभर खूश.

३ जानेवारी, शनिवार

सिस्टर म्हणाल्या की फ्रीजच्या तळाशी ठेवलेली पाण्याची बाटली सकाळी दगड झालेली असते. खिडकीतलं तेलही पांढरंफटक गोठलंय. "बटण जरा खाली घेऊ का गं?" मी नोंदी पाहिल्या. शून्य, शून्य, शून्य. म्हटलं, शून्यावर पाणी जमायचंच, लसी वरच्या जाळीत आहेत, तिथेच सेन्सर आहे. गोठलं असतं तर डबी ओरडली असती ना? त्यांनी बटणाकडे गेलेला हात मागे घेतला.

८ जानेवारी, गुरुवार

आज लसीकरणाचा दिवस. कॉलेजला सुट्टी होती म्हणून मीही सिस्टरांबरोबर वाडीवर गेले. तासाभराची चढण, दोनदा बसले.

अंबूबाईची सून भागी, तिची दोन महिन्यांची मुलगी चिंधी. अंबूबाईची दोन नातवंडं आधी गेलेली, म्हणून हिला असं नाव, कुणाची नजर पडू नये म्हणून. अंबूबाई सुईला तयार नव्हती. "एवढंसं पोर, त्याला कशापायी टोचायचं?" सिस्टर सांगून थकल्या. मग मी चिंधीला मांडीवर घेतलं. सांगितलं, ही एक सुई पाच रोगांना अडवते, डांग्या खोकल्यालासुद्धा. आणि लस नीट आहे याची राखण माझी डबी करते, मी स्वतः बनवलीय, माझ्यावर विश्वास ठेवा. भागी सासूकडे बघत राहिली. अंबूबाई म्हणाली, "तू म्हनतीस तर टोच."

सिस्टरांना बाटली बराच वेळ हलवावी लागली. "आज गाळ लवकर बसतोय," असं काहीतरी पुटपुटल्या. चिंधी इवलंसं रडली. उतरताना भागीनं मला करवंटीभर मध दिला. इतकं छान वाटलं म्हणून सांगू.

२४ जानेवारी, शनिवार

भागीच्या शेजारच्या घरातला चार वर्षांचा रोहिदास आठवडाभर खोकतोय. खोकून खोकून निळा पडतो आणि मग श्वास ओढताना कोंबड्यासारखा आवाज येतो. कर्जतच्या डॉक्टरांनी बघितल्या बघितल्या सांगितलं, डांग्या खोकला. तिथेच ॲडमिट केलंय. त्याच्या घरचे कधीच सुईला तयार झाले नव्हते.

चिंधी दिवसभर त्याच अंगणात असते. पण तिला सुई टोचलीय, बरं झालं. मी सिस्टरांना दोनदा तसं म्हणाले.

२५ जानेवारी, रविवार

जमेल तसं लिहिते.

कॉलेजातल्या प्रियाच्या बहिणीचं लग्न कळंबच्या एका रिसॉर्टवर होतं. मागच्या अंगणात सदू नावाचा माणूस पॉट आइसक्रीमचं लाकडी यंत्र फिरवत होता. मी कुतूहलानं उभी राहिले. भांड्याभोवतीच्या बर्फावर तो मुठी मुठी खडेमीठ टाकत होता.

"एवढं मीठ कशाला हो?"

"नुसत्या बर्फानं दूध जमत नाय, ताई. नुसता बर्फ एका जागी येऊन बसतो. मीठ पडलं का मंग त्याला खरा गारठा चढतो."

एका जागी येऊन बसतो. शून्यावर. बर्फ-पाणी शून्याच्या खाली जातच नाही, हे सातवीतल्या पोरालाही माहीत असतं. मी डबीला रसवंतीच्या बर्फात घातलं आणि चाचणी झाली म्हणून टाळ्या पिटल्या. उणे आकडा मोठ्या मशीननं पाहिला होता. डबीनं कधीच पाहिला नव्हता.

जेवले नाही. घरी येऊन दुसरी, तशीच जादा बनवलेली डबी काढली. बर्फ, वर खडेमीठ, आईचा स्वयंपाकघरातला डिजिटल थर्मामीटर शेजारी. थर्मामीटर उणे चारवर गेला. डबी शून्य. उणे सात. डबी शून्य. दीड तास समोर बसून राहिले. डबी शून्य दाखवत गप.

२६ जानेवारी, सोमवार

सूचना पुन्हा सुरू करून कम्पाइल केलं. अकरांपैकी सातवी : ही तुलना कधीच खरी ठरणार नाही. ओळ कोणती? तापमान शून्याहून कमी आहे का, हे विचारणारी.

मोठ्या मशीनवर त्या एका बाइटमध्ये उणे आकडा मावतो. धाकट्यावर, मी वेगळं सांगितलं नाही तर, उणे नसतोच. तिथे उणे तीनचे दोनशे त्रेपन्न होतात. आणि साठच्या वरचा आकडा कचरा समजून फेक, आधीचा धर, हे तर मीच लिहिलं होतं. आधीचा म्हणजे शून्य. माझी ती पट्टीनं आखलेली रेघ म्हणजे रात्रभर फेकलेला कचरा होता. कम्पाइलरनं मला सातव्या सूचनेत स्पष्ट सांगितलं होतं आणि मी त्याचं तोंड बंद केलं होतं.

एक शब्द वाढवला, दुरुस्त झालं. दोन मिनिटं लागली.

सिस्टरांना अजून सांगितलं नाही. चार वेळा फोन हातात घेतला. मनात काय आलं तेही लिहून ठेवते : गुपचूप जाऊन डबी बदलून आणली तर कुणाला कळणार आहे? असा विचार करणारी मी आहे, हे मला माहीत नव्हतं.

२७ जानेवारी, मंगळवार

सांगितलं. दवाखान्यात उभ्याउभ्याच सांगितलं, नाहीतर पळून आले असते. सिस्टर मटकन खुर्चीत बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त फ्रीजवरचा माझा कागद टरकावला आणि बटण दोन घरं खाली आणलं.

उद्या बाटल्या तपासू म्हणाल्या.

२८ जानेवारी, बुधवार

तपासायची त्यांची रीत अशी : एक बाटली मुद्दाम रात्रभर गोठवायची आणि वितळू द्यायची. मग ती आणि फ्रीजमधली बाटली, दोन्ही एकाच हातात धरून हलवायच्या आणि शेजारी शेजारी ठेवून बघत बसायचं. गोठून मेलेल्या लसीतला गाळ झटकन तळाशी बसतो. चांगल्या लसीचं पाणी बराच वेळ दुधट राहतं.

दोघी टेबलावर हनुवटी टेकून बसलो. माझं लक्ष फक्त उजव्या बाटलीवर. दुधट राहा, दुधट राहा, असं मी अक्षरशः ओठांनी म्हणत होते. दहा मिनिटांत दोन्ही बाटल्यांत वर नितळ पाणी, खाली पांढरा थर. कुठली कुठली हे सिस्टरांनी चिठ्ठी लावली नसती तर ओळखता आलं नसतं.

"चौदा वर्षांत पहिल्यांदा," सिस्टर म्हणाल्या आणि चष्मा पुसत राहिल्या.

डिसेंबरपासूनची यादी काढली. तेवीस मुलं. नवव्या ओळीवर, चिंधी.

२९ जानेवारी, गुरुवार

कर्जतचे डॉक्टर म्हणाले, गोठलेल्या लसीनं विषबाधा होत नाही, ती निकामी होते एवढंच. एवढंच! सगळ्यांना पुन्हा टोचावं लागेल. चिंधीसाठी पाच दिवसांचं औषध दिलं. रोहिदासचा शेवटचा संबंध आला तेव्हापासून तीन आठवडे डोळ्यांत तेल घालून बघायचं. चौदा फेब्रुवारीपर्यंत. एवढ्या लहान बाळाला डांग्या झाला तर खोकलाही येत नाही कधी कधी, नुसता श्वास थांबतो, असंही ते म्हणाले. हे त्यांनी मला सांगायला नको होतं.

ट्रस्टचे मॅनेजर प्रवीणभाऊ आले. "बूस्टर आहे म्हणून सांगा ना. उगाच आपली आणि लसीची बदनामी कशाला? उद्या कुणी सुईच घेणार नाही." खोटं कशाला सांगू, मला ते पटलं. सुटल्यासारखं वाटलं. सिस्टर म्हणाल्या, "भाऊ, मी चौदा वर्षं त्या वाडीचं पाणी पिते. त्यांच्याशी खोटं बोलून मला ती चढण चढवणार नाही."

१ फेब्रुवारी, रविवार

वाडीवर गेलो. मीच सांगायचं असं ठरलं होतं. अर्ध्या वाटेत परत फिरावंसं वाटलं, तरी चढले.

चिंधी झोळीत झोपली होती. पहिल्यांदा तिचा श्वास पाहिला, मग बोलले. सुई वाया गेली, चूक माझी, डबीची नाही, फ्रीजची नाही, सिस्टरांची तर नाहीच. भागी झोळीची दोरी घट्ट धरून उभी राहिली. ते बघवेना.

अंबूबाईनं विचारलं, "म्हंजी ती गप व्हती, तवा मेलेली व्हती?"

"हो, आजी."

"मंग आता जिती हाय हे कशावरनं?"

मी म्हटलं, दुरुस्त केलीय. ती म्हणाली, "तवाबी तू असंच म्हनली व्हतीस." आणि वर, "माज्या म्होरं वरडून दाखव. मंग पोर आनते."

निघताना भागीशी एक ठरवलं. तिच्याकडे साधा फोन आहे, वाडीमागच्या खडकावर रेंज येते. रोज सकाळी आठला तिनं मला मिस कॉल द्यायचा. एक रिंग, चिंधी बरी. काही वेगळं असेल तर वाजू द्यायचा, मी उचलेन. मी तिला हेही सांगितलं, की फोन आला नाही तर मी बरंच समजणार नाही, धावत येईन.

५ फेब्रुवारी, गुरुवार

कळंबला फोन करून सदूकडून बर्फ मागवला. खडेमीठ सिस्टरांचं. दवाखान्याच्या ओट्यावर परात ठेवली. सात-आठ बाया, कडेवर पोरं, पुढे अंबूबाई पाटावर. फ्रीजमधली डबी आणून सेन्सर बर्फात खुपसला. तासाचा नियम आजच्यापुरता दोन मिनिटांवर आणि पाच मिनिटांचं मोजणं पाच सेकंदांवर आणलं होतं, तेही सांगितलं, आता काहीच लपवायचं नाही.

शून्य आलं. मग उणे एक. तो उणेचा आडवा दांडा बघून मला रडूच आलं. उणे तीन. आणि डबी अशी बोंबलली की परातीजवळची कोंबडी उडून छपरावर गेली. चिंधी दचकून उठली आणि तिनं टाहो फोडला. मी, सिस्टर, भागी, तिघीही श्वास धरून ऐकत होतो, रडण्यामागून खोकला येतो का. नाही आला.

"एवढा गळा हाय मेलीला," अंबूबाई डबीला म्हणाली, "आन दोन महिने दातखीळ बसली व्हती!" मग भागीला म्हणाली, "धर पोरीला."

नवीन बाटलीतून टोचलं. चिंधीचा पाय मी धरला होता.

९ फेब्रुवारी, सोमवार

आठला मिस कॉल. रोहिदासला अजून घरी सोडलेलं नाही, पण निळा पडत नाही म्हणे.

भागीच्या मिस कॉलवरून सुचलं ते आज डबीत घातलं. आता ती रोज सकाळी आठला एकदा बारीक टुण करणार. टुण ऐकू आलं नाही तर सिस्टरांनी समजायचं, डबी गेली. आणि सूचना सगळ्या चालू ठेवून कम्पाइल केलं. एकेक ओळ वाचली, अकराच्या अकरा मिटवल्या. सिस्टरांनी तेलाची बाटली फ्रीजवरच आणून ठेवलीय, माझ्या कागदाच्या जागी.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आठला मिस कॉल. सात वाजल्यापासून फोन हातात धरून बसते. आई म्हणते, चहा तरी पी.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आज शेवटचा दिवस. आठ वाजले. फोन नाही.

आठ-दहा. मी फोन लावला, बंद. आठ-पंधरा, बंद. स्कूटर काढली. शिळफाट्याच्या सिग्नलला उभं राहवेना. डोक्यात एकच, श्वास थांबतो, नुसता श्वास थांबतो. सिस्टरांना सोबत घ्यावं म्हणून आधी दवाखान्यात वळले.

दवाखान्याच्या पायरीवर अंबूबाई एकटीच बसली होती. गुडघ्यांत डोकं घालून. एवढ्या सकाळी, हा गुडघा घेऊन, ती खाली कशाला आली असेल याचं एकच कारण मला दिसत होतं. हाकही मारवेना.

तिनं मान वर केली. दम लागला होता तिला, बाकी काही नाही.

"आलीस? फोन हंड्यात पडला गं, भागीचा. सकाळी पानी भरताना. पोर बरी हाय. खोकली नाय, काय नाय, मूठ चोखत पडलीय." आणि लुगड्याच्या पदरानं तोंड पुसून म्हणाली, "भागी म्हनली, मिस कॉल नाय गेला तर ती बाई भिऊन मरंल. म्हनून आले सांगाया."

मी तिच्याशेजारी पायरीवर बसले. रडत होते की हसत होते ते मलाच कळलं नाही. म्हटलं, "आजी, तासभर उतरून कशाला आलात? गुडघा दुखतो ना तुमचा."

"मंग काय," अंबूबाई म्हणाली, "तुज्या डबीवानी गप बसू?"